दर्शनी वीटभिंतींचे बिघाड आणि दुरुस्ती

दर्शनी वीटभिंत म्हणजे जिच्या बाहेरील पृष्ठभागावर विटांचा स्वतंत्र थर दिसतो, परंतु इमारतीचा भार मुख्यतः मागील भिंत, लाकडी सांगाडा किंवा काँक्रीटचे खांब-तुळया वाहतात, अशी भिंत होय. या थराला वीट-आवरण असेही म्हणता येईल. पाऊस, ऊन व वारा यांपासून मागील बांधकामाचे रक्षण करणे आणि इमारतीला शोभा देणे ही त्याची दोन कामे. हा थर मागील बांधकामाशी बांधलेला राहिला, तोवरच तो सुरक्षित असतो. बंध सुटल्यास भिंत फुगते, तिला भेगा पडतात आणि पुढे ती कोसळण्याचा धोका निर्माण होतो.

अशा भिंतींचे बिघाड शोधणे व दुरुस्त करणे ही बांधकामशास्त्राची एक शाखा आहे. दिसणारी भेग किंवा ओल हे लक्षण असून कारण बहुधा अन्यत्र असते, हे या शाखेचे मूलतत्त्व आहे. कारण दूर न करता केलेला गिलावा बिघाड झाकतो आणि अनेकदा वाढवतो. प्रस्तुत लेखात या विषयाची सर्वसाधारण माहिती देऊन नाशिक जिल्ह्यातील मनमाड व आसपासच्या परिसरातील घरांच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

## प्रकार

पोकळी असलेले वीट-आवरण. उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियातील निवासी बांधकामात हा प्रकार रूढ आहे. लाकडी किंवा पोलादी सांगाड्याच्या बाहेर साधारण २५ ते ५० मि.मी. पोकळी सोडून एका विटेच्या रुंदीची भिंत उभारतात. धातूच्या पट्ट्या किंवा तारा तिला सांगाड्याशी जोडतात. विटांतून आत झिरपलेले पाणी पोकळीतून खाली उतरते, तळाशी बसवलेल्या जलरोधक पट्टीवर अडते आणि ठरावीक अंतरावर ठेवलेल्या छिद्रांतून बाहेर पडते. पाणी आत येणारच, हे गृहीत धरून त्याला परतीची वाट देणे हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

दुपदरी पारंपरिक भिंत. महाराष्ट्रातील वाडे व जुन्या पेठांतील घरांत अनेक ठिकाणी बाहेरील पदर भाजक्या विटांचा, तर आतील पदर कच्च्या विटांचा किंवा मातीचा असतो. छताचा भार पुष्कळदा लाकडी खांब व तुळया पेलतात. वीट-आवरणाशी या रचनेचे साम्य लक्षणीय आहे. मात्र तीत मोकळी पोकळी नसते आणि दोन पदरांना बांधणारा दुवा म्हणजे केवळ आडव्या घातलेल्या जोडविटा.

काँक्रीट सांगाड्यातील वीटकाम. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शहरी घरांत ही पद्धत प्रचलित झाली. खांब व तुळया यांच्यामध्ये वीटकाम भरले जाते. काही बंगल्यांत बाहेरील बाजूस गिलावा न करता विटा उघड्या ठेवून केवळ दर्जा भरतात.

वीट-टाइलचे आवरण. गिलाव्यावर पातळ वीट-टाइल चिकटवून वीटकामाचा भास निर्माण केला जातो. येथे टाइलला कोणताही यांत्रिक आधार नसल्याने सर्व भिस्त चिकटद्रव्यावर व खालच्या गिलाव्यावर असते.

## मनमाड परिसराची पार्श्वभूमी

मनमाड हे नांदगाव तालुक्यातील नगरपरिषदेचे शहर व मध्य रेल्वेवरील मोठे जंक्शन आहे. मुंबई–भुसावळ मार्गावरील या स्थानकातून दौंड आणि छत्रपती संभाजीनगर या दिशांना फाटे जातात. रेल्वेपुलांचे गर्डर तयार करणारा अभियांत्रिकी कारखाना आणि भारतीय अन्न महामंडळाची गोदामे यांमुळे शहराची वाढ झाली. परिणामी येथे जुन्या बाजारपेठेतील घरे, रेल्वेची निवासस्थाने आणि नव्या वसाहतींतील बंगले अशी वेगवेगळ्या काळांची व पद्धतींची बांधकामे एकत्र आढळतात. जवळच्या चांदवड येथील होळकरकालीन रंगमहाल हा या भागातील वाडा-परंपरेचा परिचित नमुना आहे. नांदगाव, मालेगाव, येवला या पट्ट्यात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरेही परंपरेने बांधली जात.

भिंतींच्या दृष्टीने या परिसरातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, जमीन. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते. दुसरी, हवामान. हा प्रदेश पर्जन्यछायेत असून उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो व त्यापाठोपाठ पावसाळा येतो. कोरड्या, तापलेल्या भिंतीवर अचानक पाणी पडते. तिसरी, पाणीटंचाई. वागदर्डी धरण व पालखेड कालव्याच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या या शहराला टंचाईची झळ वारंवार बसली आहे. पाणी तुटपुंजे असले की विटा न भिजवता रचणे, बांधकामावर पुरेसे दिवस पाणी न मारणे आणि मिळेल ते क्षारयुक्त पाणी वापरणे हे दोष शिरतात. भिंतीतील कमकुवतपणा अशा वेळी पहिल्या दिवसापासूनच असतो, फक्त तो काही वर्षांनी दिसतो.

## बिघाडाची कारणे

### पाणी व ओल

बहुतेक बिघाडांचे मूळ पाण्यात असते. ते चार मार्गांनी येते: छत व कठड्यावरून खाली, पावसाच्या झोताने बाजूने, जमिनीतून वर आणि नळ-सांडपाण्याच्या गळतीतून आतून. फुटलेली पन्हळ, छज्जाखाली पाणी तोडणाऱ्या खाचेचा अभाव, कठड्याच्या माथ्यावरील भेगा आणि खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी ही नेहमीची प्रवेशद्वारे होत. गच्चीचा कठडा दोन्ही बाजूंनी भिजतो व तापतो. म्हणून तो इतर भिंतींच्या आधी खराब होतो.

जमिनीतील ओल विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. जोत्याच्या पातळीला ओलरोधक थर नसल्यास भिंतीचा तळाकडील सुमारे एक मीटर भाग कायम दमट राहतो. अंगणात भराव टाकल्याने किंवा रस्त्याची उंची वाढल्याने बाहेरील जमीन जोत्याच्या वर जाते, तेव्हा असलेला ओलरोधक थरही निरुपयोगी ठरतो.

### क्षार

विटेतील, वाळूतील किंवा बांधकामाच्या पाण्यातील क्षार ओलीबरोबर पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून गेल्यावर ते पांढऱ्या पुटाच्या रूपाने मागे उरतात. याला लोणा लागणे म्हणतात. क्षार पृष्ठभागावर साठले तर ते केवळ विद्रूप दिसते, परंतु पृष्ठभागाच्या किंचित आत साठले तर त्यांचे स्फटिक वाढताना विटेचा दर्शनी पापुद्रा फोडतात. सल्फेट क्षार सिमेंटशी रासायनिक क्रिया करून सांधे फुगवतात. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानक ४५६ मध्ये मिश्रणाच्या पाण्यातील सल्फेटची मर्यादा लिटरला ४०० मिलिग्रॅम ठरवली आहे. क्लोराइडची मर्यादा सळईविरहित काँक्रीटसाठी २,००० आणि सळईयुक्त काँक्रीटसाठी ५०० मिलिग्रॅम आहे. कूपनलिकेचे पाणी वापरण्यापूर्वी तपासणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

### जोड सुटणे

धातूच्या जोडपट्ट्या गंजल्या की गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कित्येक पट होते. त्यामुळे आडवे सांधे उचलले जातात आणि अखेर पट्टी तुटते. पारंपरिक दुपदरी भिंतीत जोडविटा मुळातच कमी असतील, किंवा ओलीने मातीचा आतील पदर दबला असेल, तर बाहेरील पदर एकाकी उभा राहतो. लाकडी तुळईचे भिंतीत रोवलेले टोक कुजले किंवा वाळवीने पोखरले, तर जो भार लाकडाने न्यायचा तो भिंतीवर तिरका येतो व भिंतीला पोट सुटते.

### जमिनीची हालचाल

काळ्या मातीत उथळ पाया घेतल्यास उन्हाळ्यात भेगा रुंदावतात व पावसाळ्यात मिटतात. घराच्या कडेची माती मध्यभागापेक्षा लवकर भिजते व लवकर वाळते. म्हणून कोपरे आणि बाहेरच्या भिंती आधी हलतात. भिंतीलगतचे मोठे झाड, साचणारे सांडपाणी किंवा फुटलेला नळ ही असमानता वाढवतो.

### तापमान आणि पदार्थांचे स्वभाव

भाजकी वीट तापमानाने प्रसरण पावते, परंतु काँक्रीटपेक्षा कमी. तापमानात ४० अंशांचा फरक पडला असता १० मीटर लांबीचे वीटकाम सुमारे २ मि.मी. वाढते, तर तेवढेच काँक्रीट सुमारे ४ मि.मी. वाढते. शिवाय भट्टीतून निघालेली वीट हवेतील ओलावा शोषून पुढील अनेक वर्षे अत्यल्प प्रमाणात वाढत राहते. काँक्रीटचा सांगाडा मात्र वाळताना व भाराखाली हळूहळू आकसतो. वाढणारी वीट आणि आखडणारा सांगाडा यांच्यामध्ये हालचालीसाठी सांधा ठेवला नसेल, तर विटांचा थर दाबला जाऊन बाहेर फुगतो. राखेच्या विटांचा स्वभाव याउलट असतो. त्या वाळताना आकसतात, त्यामुळे ताज्या विटा वापरल्यास भिंतीला उभ्या भेगा पडतात.

### चुकीची दुरुस्ती

चुना किंवा मातीत बांधलेली भिंत ओल शोषते व बाहेर सोडते. तिच्यावर कडक सिमेंटचा गिलावा किंवा हवा न जाणारा रंग चढवला की ओल आत कोंडली जाते. काही वर्षांनी गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो व सोबत विटेचा पृष्ठभागही ओढून नेतो. जुन्या घरांच्या ऱ्हासात या कारणाचा वाटा मोठा आहे, आणि दुरुस्ती केल्याच्या समाधानामुळे ते सहसा लक्षात येत नाही.

## किल्लारीचा भूकंप आणि दुपदरी भिंती

भिंतीचे दोन पदर परस्परांना बांधलेले नसतील तर काय घडते, याचा महाराष्ट्रातील सर्वांत भीषण दाखला ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपाने दिला. किल्लारी व परिसरातील गावांत मातीत रचलेल्या, ओबडधोबड दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी घरे होती. भिंतीचे आतील व बाहेरील पदर स्वतंत्र होते. दोन्हींना सांधणारे आरपार जोडदगड क्वचितच घातलेले होते. हादऱ्यात पदर एकमेकांपासून सुटून कोसळले व छत खाली आले. झोपेत असलेली हजारो माणसे मृत्युमुखी पडली.

या अनुभवानंतर उभ्या असलेल्या दगडी घरांच्या बळकटीकरणासाठी एक सोपी पद्धत पुढे आली. ठरावीक अंतरावर भिंतीतून दगड अलगद काढून आरपार छिद्र करायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई ठेवायची आणि छिद्र काँक्रीटने भरायचे. अशा रीतीने नव्याने जोडदगड तयार होतो. कमकुवत दगडी-मातीच्या बांधकामासाठी भारतीय मानक १३८२८ आणि जुन्या वीट-दगडी इमारतींच्या दुरुस्ती व बळकटीकरणासाठी भारतीय मानक १३९३५ मार्गदर्शक आहेत. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार नाशिक शहर भूकंपप्रवण क्षेत्र ३ मध्ये येते. त्यामुळे पदरांचा दुरावा हा नाशिक जिल्ह्यातील जुन्या घरांसाठीही दुर्लक्षणीय विषय नाही.

## भेगांचे वाचन

भेगेची दिशा, रुंदी व जागा यांवरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

* सांध्यांतून पायऱ्यांसारखी जाणारी तिरपी भेग: पाया असमान खचल्याची किंवा उचलला गेल्याची खूण. भेग वर रुंद व खाली अरुंद असेल तर भिंतीचे टोक खचल्याची, आणि खाली रुंद असेल तर मधला भाग बसल्याची शक्यता अधिक.
* छताच्या स्लॅबखालील आडवी भेग: उन्हाने स्लॅब सरकल्याची खूण.
* ठरावीक अंतराने येणाऱ्या आडव्या भेगा: सांध्यांतील धातूच्या पट्ट्या गंजल्याची खूण.
* खांब व वीटकाम यांच्या संगमावरील उभी भेग: दोन पदार्थांच्या भिन्न हालचालीची खूण. बहुधा रचनेला धोका नसतो, परंतु पाणी आत शिरते.
* लांब भिंतीच्या कोपऱ्याजवळील उभी भेग: प्रसरणाला जागा नसल्याची खूण.
* भेग नसलेला फुगवटा: पदर सुटल्याची खूण. दिसण्यात सौम्य असला, तरी सर्वांत धोकादायक प्रकारांपैकी हा एक आहे.

ब्रिटनमधील बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटच्या वर्गीकरणानुसार १ मि.मी. पर्यंतच्या भेगा किरकोळ मानल्या जातात व ५ मि.मी. पर्यंतच्या सहज दुरुस्त होण्याजोग्या. ५ ते १५ मि.मी. भेगांसाठी काही वीटकाम बदलावे लागू शकते, १५ ते २५ मि.मी. भेगा गंभीर असतात, तर त्यापुढे अंशतः किंवा पूर्ण पुनर्बांधणीचा विचार करावा लागतो. रुंदीपेक्षाही भेग वाढते आहे की थांबली आहे, हे अधिक महत्त्वाचे असते.

## तपासणीची पद्धत

पूर्वइतिहास. घर केव्हा बांधले, मजला केव्हा चढवला, कोणती भिंत पाडली, शेजारी कूपनलिका किंवा खोदकाम झाले काय, ओल कोणत्या महिन्यात दिसते, हे प्रश्न आधी विचारले जातात. घरातील वडीलधारी मंडळी व जुना गवंडी यांच्याकडून मिळणारी माहिती पुष्कळदा उपकरणांपेक्षा उपयोगी ठरते.

निरीक्षण. पाहणी छतापासून जोत्यापर्यंत, बाहेरून आत अशी करतात. प्रत्येक भिंतीचा साधा आराखडा काढून त्यावर भेगा, ओलीचे डाग, लोणा व फुगवटे तारखेसह नोंदवतात. पहिल्या पावसात केलेली पाहणी विशेष बोलकी असते, कारण पाण्याची वाट तेव्हा प्रत्यक्ष दिसते.

ओळंबा. माथ्यावरून ओळंबा सोडून दोरीपासून भिंतीचे अंतर दर अर्ध्या मीटरवर मोजले की फुगवटा व कल आकड्यांत कळतात. काही महिन्यांनी तेच मोजमाप पुन्हा घेतात.

ठोका. लाकडी मोगरीने हलके ठोके दिल्यास घट्ट भिंतीतून टणक, तर पदर सुटलेल्या भागातून पोकळ आवाज येतो. वीट-टाइलसाठी ही चाचणी हमखास उपयोगी पडते. पोकळ भाग खडूने आखून ठेवतात.

भेगेवरील पट्टी. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून तारीख घालतात. काच तडकली तर हालचाल चालू आहे. काळ्या मातीतील घरांत ही नोंद किमान एक उन्हाळा व एक पावसाळा ठेवावी लागते, अन्यथा ऋतुमानाने होणारी उघडझाप आणि कायमचे खचणे यांत फरक करता येत नाही.

पाण्याची चाचणी. गळतीची जागा निश्चित करण्यासाठी भिंतीवर खालून वर, एकेका पट्ट्यावर पाणी सोडतात. वरून सुरुवात केल्यास पाणी सर्वत्र ओघळते व प्रवेशाची जागा समजत नाही.

भिंत उघडणे. संशयाच्या ठिकाणी दोन-चार विटा काढून आतील पदर, जोड, लाकडाची टोके व पोकळी पाहतात. जेथे विटा काढणे शक्य नाही, तेथे सांध्यात लहान छिद्र करून दुर्बिणीची नळी आत घालतात. धातूशोधकाने जोडपट्ट्यांच्या जागा कळतात.

विटांची चाचणी. भारतीय मानक ३४९५ मध्ये विटांच्या दाबक्षमतेच्या, जलशोषणाच्या व लोण्याच्या चाचण्या दिल्या आहेत. भारतीय मानक १०७७ नुसार १२.५ पर्यंतच्या दर्जावर्गातील वीट २४ तास पाण्यात ठेवल्यावर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक व त्यावरील वर्गातील वीट १५ टक्क्यांहून अधिक पाणी शोषणारी नसावी.

## दुरुस्ती

दुरुस्तीचा क्रम निश्चित आहे: आधी माणसांची सुरक्षितता, मग पाणी थांबवणे, मग हालचाल थांबवणे, मग जोड पूर्ववत करणे आणि शेवटी पृष्ठभाग. हा क्रम उलटला तर केलेला खर्च वाया जातो.

आधार. फुगलेल्या भिंतीला तिरके टेकू देऊन तिच्याखालील वापर बंद करतात. टेकू भिंतीला ढकलणारा नव्हे, तर धरून ठेवणारा असावा. ठोकून भिंत मागे सारण्याचा प्रयत्न धोकादायक असतो.

पाणी. पन्हळी व छत दुरुस्त करणे, कठड्याच्या माथ्यावर बाहेरून आत उतार देणे, छज्जाखाली खाच ठेवणे, जोत्याभोवतीची जमीन खाली उतरवून फरसबंदीला घरापासून दूर उतार देणे, ही कामे स्वस्त असूनही सर्वाधिक परिणामकारक ठरतात. पोकळीच्या भिंतीत बुजलेली निचऱ्याची छिद्रे मोकळी करतात.

पाया. काळ्या मातीत पायाभोवतीचा ओलावा वर्षभर शक्यतो सारखा ठेवणे हा पहिला उपाय. खचणे चालूच राहिल्यास स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने पाया खोल केला जातो. नव्या घरांसाठी रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खुंट अशा जमिनीत उपयुक्त ठरले आहेत.

जोड. मूळ पट्ट्या गंजल्या असतील तर सांध्यांतून छिद्रे पाडून गंजरोधक पोलादाच्या मळसूत्री सळया मागील बांधकामात बसवतात. दुपदरी भिंतीत आरपार जोड देऊन मधल्या पोकळ्यांत चुन्याची पातळ घाणी कमी दाबाने भरतात. जास्त दाबाने भरल्यास सुटलेला पदर बाहेर ढकलला जातो. फुगवटा मोठा असेल तर बाहेरील पदर साधारण एक मीटरच्या पट्ट्यांत उतरवून जुन्या विटा शक्य तेवढ्या पुन्हा वापरून, पुरेशा जोडविटा घालत रचतात. संपूर्ण भिंत एकाच वेळी उघडू नये.

भेगा. हालचाल थांबल्यावरच भेगा भरतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा मीटर जाईल अशी गंजरोधक सळई काही थरांआड आडव्या सांध्यात पुरून वीटकाम शिवले जाते. खांब व वीटकाम यांच्या संगमावर गिलाव्याखाली कोंबडी जाळी लावतात किंवा लवचिक द्रव्याचा सांधा ठेवतात.

दर्जा भरणे. झिजलेला मसाला सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, किमान २० मि.मी. खोलीपर्यंत खरवडून, धूळ झाडून, सांधा भिजवून नवा मसाला दाबून भरतात. मसाला विटेपेक्षा मऊ असावा हा नियम आहे. सांधा झिजला तर पुन्हा भरता येतो, वीट झिजली तर तिला उपाय नाही. जुन्या वीटकामासाठी चुना-वाळू १:३ आणि नव्यासाठी सिमेंट-चुना-वाळू १:१:६ ही प्रमाणे सामान्यतः वापरतात. काम झाल्यावर किमान सात दिवस ते ओलसर ठेवावे लागते. टंचाईच्या भागात ओली गोणपाटे लावल्यास कमी पाण्यात हे साधते.

लोणा. पांढरे पूट कोरड्या ब्रशने झाडून गोळा करतात. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा विटेत शिरतात. ओलीचा स्रोत बंद झाल्यानंतर लोणा काही ऋतूंत आपोआप कमी होतो. जलरोधक द्रव्य लावायचेच असल्यास ते वाफ बाहेर जाऊ देणारे असावे व भिंत पूर्ण कोरडी झाल्यावरच लावावे.

वीट-टाइल. पोकळ वाजणाऱ्या टाइल व खालचा सैल गिलावा काढून, भारतीय मानक १५४७७ प्रमाणे योग्य वर्गाचे चिकटद्रव्य वापरून त्या पुन्हा बसवतात. मोठ्या भिंतीवर हालचालीचे सांधे ठेवले जातात. प्रवेशद्वारावरील सैल टाइल कमी वजनाची असली, तरी उंचावरून पडल्यास ती प्राणघातक ठरू शकते.

## अहमदाबादचे उदाहरण

वास्तुविशारद लुई कान यांनी आखलेली अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेची उघड्या विटांची संकुले जगप्रसिद्ध आहेत. वीटकामात घातलेल्या सळया गंजणे, पाण्याची झिरप आणि विटांची झीज यांमुळे तेथे गंभीर बिघाड उद्भवले. २००१ च्या भूकंपाचाही इमारतींवर परिणाम झाला. मुंबईतील वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने तेथील विक्रम साराभाई ग्रंथालयाचे जतन केले व त्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. पुढे वसतिगृहांच्या बाबतीत मात्र जतन की पुनर्बांधणी हा वाद उभा राहिला. दुरुस्ती लांबली की तांत्रिक प्रश्न खर्चाचा व धोरणाचा होतो, हे या उदाहरणातून दिसते.

## कायदेशीर बाजू

नगरपरिषद क्षेत्रात धोकादायक इमारतींबाबत कारवाईचे अधिकार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये नगरपरिषदेला आहेत. पावसाळ्यापूर्वी जीर्ण घरांना सूचना देण्याची प्रथा त्यातूनच आली. राज्यातील महानगरपालिकांत अशा इमारती सी-१ (अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी), सी-२अ (रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी), सी-२ब (रिकामी न करता दुरुस्त करण्याजोगी) व सी-३ (किरकोळ दुरुस्तीची) अशा वर्गांत विभागल्या जातात. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची रचनात्मक तपासणी तेथे बंधनकारक आहे.

जुन्या पेठांतील घरे पुष्कळदा भाडेकरूंच्या ताब्यात असतात आणि दुरुस्ती कोणी करायची या वादात ती पडतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या क्षेत्रांत जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता येत नाही. ओळंब्याच्या मोजमापांच्या व भेगांच्या तारीखवार नोंदी अशा वादांतही पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

## प्रतिबंध

नव्या बांधकामात विटा रचण्यापूर्वी भिजवणे, पाण्याची व वाळूची तपासणी करणे, जोत्यावर ओलरोधक थर देणे, खांब व वीटकाम यांच्यात हालचालीला वाव ठेवणे आणि पुरेसे जोड घालणे एवढ्याने बहुतेक बिघाड टळतात. जुन्या घरांसाठी दरवर्षी मे महिन्यात छत, पन्हळी व कठडे साफ करून भिंतींची पाहणी करणे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ती पुन्हा करणे पुरेसे असते. भिंतीला नवे पोट सुटलेले दिसल्यास, दारे-खिडक्या अचानक अडकू लागल्यास, सांध्यांतून माती गळू लागल्यास किंवा लाकूड करकरण्याचा आवाज येऊ लागल्यास भिंतीलगतचा भाग तात्काळ रिकामा करून अभियंत्याला बोलावणे आवश्यक असते. मुसळधार पावसानंतर ऊन पडले की भिंत सुरक्षित झाली, असा समज आढळतो. प्रत्यक्षात भिजलेली मातीची भिंत सुकताना आकसते व दुबळे जोड त्या वेळीही सुटू शकतात, म्हणून पाऊस थांबल्यानंतरचे काही दिवसही जोखमीचे मानले जातात.